गोदावरी कोण?

मित्रांनो, मी एक जुनी पितळी परात आहे आणि मी अजून घुमते आहे. आम्हा पितळेच्या भांड्यांचं असंच असतं. धक्का बसला की आवाज तिथंच थांबत नाही, काठाकाठानं फिरत राहतो. मला बसलेला धक्का तर माझ्या सबंध आयुष्यातला सगळ्यात मोठा. घुमते आहे तोवर सांगून टाकते.

माझा जन्म औरंगाबादच्या कासारी बाजारातला. पोलीस ॲक्शन होऊन फार दिवस झाले नव्हते. रझाकारांच्या धास्तीनं गावं सोडून गेलेली माणसं परत येत होती. परतलेल्या घराला आधी चूल लागते आणि चुलीपाठोपाठ भांडी. त्यामुळे आमच्या गल्लीत दिवसभर हातोड्या वाजत. एका म्हाताऱ्या कारागिरानं मला ठोकून ठोकून गोल केलं. त्याच्या हातोडीचे ठसे माझ्या पाठीवर आजही आहेत, उन्हात धरलं की चांदण्यांसारखे दिसतात. देवगाव रंगारीची भागूबाई बाजाराला आली, तिनं मला उचलून टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि नवऱ्याला म्हणाली, "ही बोलती. हीच घ्या."

बैलगाडीत कडब्यावर बसून मी देवगावला आले. मग काय विचारता! ज्वारीचं पीठ माझ्यात मळायचं, पुरणपोळीची कणीक माझ्यात तिंबायची, जावई आले की त्यांचे पाय माझ्यात धुवायचे, बाळंतिणीच्या लेकराला पहिली अंघोळही माझ्यातच. चांदपाशा कल्हईवाला वर्षातून एकदा गावात यायचा. भाता फुंकून, नवसागराचा धूर काढून तो माझं पोट कथलानं चकचकीत करायचा आणि मला उचलून सगळ्या गल्लीला दाखवायचा. "देखो भाभी, तुमच्या घरात चांद उतरलाय. इसको स्टील के भाव मत देना कभी!" भागूबाई पदराआड हसायची. तेव्हा गावात स्टील कुणी पाहिलंही नव्हतं.

पण माझा सगळ्यात मोठा मान वेगळाच होता. घरात नवी सून आली की माझ्यात तांदूळ पसरायचे. नवरा मुलगा सोन्याची अंगठी घ्यायचा आणि त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचा. ते नाव सगळ्यांनी मोठ्यांदा वाचायचं, साखर वाटायची, आणि मग त्याच तांदळाची खीर. भागूबाईचा लेक कारभारी शाळेची पायरी चढलेला नव्हता. जोशीबुवांनी त्याचं बोट धरून लिहवलं, 'चतुरा'. तेव्हा दारातल्या बायकांनी ओवी धरली होती:

परातीत तांदूळ गं, तांदळात रेघ
नव्या नावाची सून माझी दारी आली बघ

मला किती अभिमान वाटायचा! मला वाटायचं, मुली येतात त्या बिननावाच्याच येतात. कुंभाराकडून आणलेल्या कोऱ्या मडक्यासारख्या. आणि मी त्यांना नाव देते. मित्रांनो, हसू नका. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग स्टील आलं. चांदपाशा यायचा बंद झाला. मी माळ्यावर गेले, माझ्यात खिळे आणि जुने पट्टे पडले. एकदाच मला खाली काढलं, ते कारभारीचा मुलगा बद्रीनाथ याच्या लग्नात. बद्रीनाथ शिकलेला, पाटबंधारे खात्यात नोकरीला. त्यानं कुणाच्या बोटाच्या आधाराशिवाय झोकात लिहिलं, 'प्रणिता'. जोरदार टाळ्या पडल्या. नवी नवरी पैठणची. तिनं वाकून ते नाव वाचलं. फाट्यावर उभं राहून एसटीची पाटी वाचावी, आपली गाडी हीच का, तशा नजरेनं वाचलं. मग मान हलवली आणि साखर खाल्ली.

तेव्हापासून मीही तिला प्रणिताच म्हणत आले.

कारभारी वारल्यावर चतुराबाई मुलाकडं शहरात राहायला आल्या, आणि येताना ट्रंकेबरोबर मलाही घेऊन आल्या. गारखेड्यातला फ्लॅट. स्वयंपाकघर एवढंसं, पण प्रणितानं मला माळ्यावर टाकलं नाही. चिंच लावून स्वच्छ घासलं. नळाला पाणी येण्याचा दिवस असला की मी मोरीत असायची, एरवी हॉलमध्ये, सगळ्यांच्या मधोमध. कारण या घरातली माणसं डायनिंग टेबलावर जेवायची, पण बोलायची मात्र जमिनीवर बसून, माझ्याभोवती. माझ्यात शेंगा ओतायच्या, फोडायच्या आणि बोलायचं.

परदेशी जायचं ठरलं ते असंच, शेंगा फोडता फोडता.

शर्वरी अकरावीत, ओजस आठवीत. दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर मिळत होता. बद्रीनाथनं तीन टरफलं माझ्यात मांडली. "हे बँकॉक. हे क्वालालंपूर. आणि हे सिंगापूर."

"पप्पा, आठवड्यात तीन देश?" शर्वरी म्हणाली. "म्हणजे आपण नुसते विमानतळच बघून येणार."

"मला विमानतळ चालतील," ओजस म्हणाला. "पण बँकॉकला रस्त्यावर विंचू तळून देतात. तो मी खाणारे."

कोपऱ्यात मेथी निवडणाऱ्या चतुराबाईंच्या हातातली जुडी गळाली. "इच्चू? अरे मुडद्या, इच्चू खात्यात का कुठं? आपल्या रानात लई पडलेत, त्याच्यासाठी इमानात बसायलास व्हय?"

बद्रीनाथला भांडणं आवडत नसत. त्याचं आयुष्य कालव्याच्या पाण्यावर गेलेलं. कुणाला कधी पाणी सोडायचं, हे पाळीनं ठरवायचं, हाच त्याचा धर्म. "हे बघा, पाळी लावू. बँकॉकला ओजसची पाळी, सिंगापूरला शर्वरीची, मधल्या गावात माझी. कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी कोरडा राह्यला नाय पाहिजे, एवढंच."

"आणि शेवटच्या टोकाला मम्मी," शर्वरी म्हणाली. "ती कायमच कोरडी असते. तिची पाळी कुठंय?"

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. प्रणिता माझ्यासमोर बसून टरफलं बाजूला करत होती. "माझं काय," ती म्हणाली. "तुम्ही न्याल तिकडं."

"मम्मी!"

मग तिनं बोटानं बँकॉकचं टरफल जरासं पुढं सरकवलं. "इथं मोठी नदी आहे म्हणे. शहराच्या मधूनच जाते. तिच्यात होडीत बसायचंय मला. देऊळ नको, बाजार नको. नुसतं पाण्यातून जायचं." आणखी एक टरफल बाजूला करत म्हणाली, "लहानपणी आमच्या दारातून गोदामाय दिसायची. लग्न झाल्यापासनं नळाच्या पाण्याची वाट बघण्यातच दिवस चाललेत."

ओजसनं लगेच विंचवाच्या पाळीतला अर्धा दिवस होडीला देऊन टाकला. एवढी उदारता मी त्याच्यात कधी पाहिली नव्हती.

पुढच्या रविवारी तिकिटं काढायची होती. सकाळची वेळ. प्रणिता माझ्यात धपाट्याचं पीठ मळत होती. प्रवासात किती टिकतात ते बघायला आधी थोडे करून बघायचे होते. बद्रीनाथ सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला होता. त्याची एक सवय आहे, काहीही भरलं की तो ते मोठ्यांदा वाचतो.

"झालं! चारही सीटा पक्क्या. ऐका. बद्रीनाथ. प्रणिता. शर्वरी. ओजस."

माझ्यात फिरणारा हात थांबला.

"अहो," ती म्हणाली, "माझा पासपोर्ट बघितला होता ना?"

"त्यात काय बघायचंय? तुझं नाव मला माहीत नाय का?"

"त्यावर हे नाव नाय."

"मग कुणाचंय?"

"गोदावरीचं."

ओजसनं कानातला इअरफोन काढला. "गोदावरी कोण?"

"मी," ती म्हणाली.

मित्रांनो, घर कसं गप्प होतं ते मी पुष्कळदा ऐकलंय. कुणी वारल्याची बातमी आली की होतं, परीक्षेचा निकाल लागायच्या आधी होतं. पण तसलं गप्प मी पहिल्यांदाच ऐकलं. कुकरची शिट्टीसुद्धा त्या गप्पपणात शिरताना घाबरली.

"म्हणजे तुझं नाव प्रणिता नाही?" शर्वरी हळू आवाजात म्हणाली.

"ते इथलं. पप्पांनी ठेवलेलं. माझं गोदावरी. दहावीच्या सनदेवर तेच, म्हणून एजंटानं पासपोर्टवर तेच घातलं."

"तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलंच नाय."

"पण मी शाळेत दर वर्षी आईच्या नावापुढं प्रणिता लिहितो!" ओजस जवळजवळ ओरडलाच. "म्हणजे मी आत्तापर्यंत दुसऱ्याच बाईचं लेकरू आहे?"

एरवी या वाक्यावर सगळे हसले असते. शर्वरी मात्र वडलांकडं बघत होती. "पप्पा, तुम्ही विसरलात?"

बद्रीनाथचं तोंड उघडंच होतं. सतरा वेळा पडताळा करून पाणी सोडणारा माणूस तो. "अगं, विसरलो म्हणजे..." तो म्हणाला आणि मोबाइल उलटा करून ठेवला. खरंच विसरला होता तो. आपण दिलेलं नाव इतकी वर्षं वापरलं, की ते आपण दिलंय हेच त्याच्या मनातून गेलं होतं.

आणि मी? माझं तर पितळ गार पडलं. म्हणजे ती बिननावाची आली नव्हती! नाव घेऊन आली होती. चांगलं नदीएवढं लांबरुंद नाव. मग ते गेलं कुठं? माझ्यात तर नवंच तेवढं लिहिलं. जुनं नाव कुणी मला दाखवलं नाही, कुणी त्याची साखर वाटली नाही. आणि तिच्या आधी आलेल्या सगळ्या सुना? त्यांचं काय?

विमान कंपनीला फोन लावला. फोनवरची मुलगी गोड बोलत होती. एखादं अक्षर चुकलं असेल तर दुरुस्त करू, म्हणाली. पण अख्खं नावच वेगळं असेल तर ती दुसरी व्यक्ती झाली सर, त्याला आम्ही काही करू शकत नाही.

"दुसरी व्यक्ती," शर्वरी पुटपुटली.

दोन दिवस घरात तीन शहरांचं नावही कुणी काढलं नाही. माझ्यात शेंगाही पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बद्रीनाथ ऑफिसातून हसत आला. त्यानं तोडगा काढला होता.

"सगळं विचारून आलो," तो म्हणाला. "नाव बदलायचा अर्ज करायचा, राजपत्रात छापून येतं, मग पासपोर्टवरसुद्धा प्रणिता. कायमची कटकट मिटली. ट्रिप उन्हाळ्यात नेऊ, त्यात काय. सही तेवढी कर इथं."

त्यानं कागद आणि पेन पुढं धरलं. ती माझ्यात कणीक मळत होती.

"हात पिठाचे आहेत," ती म्हणाली.

"धू की मग."

ती उठली नाही. कणीक मळून झाली होती, तरी मळत राहिली. मित्रांनो, आयुष्यभर मुठी सोसलेली मी, पण त्या मुठी वेगळ्या होत्या. पोळीसाठी कुणी तसं मळत नाही. कणीक रबरासारखी ताणली जात होती, परत गोळा होत होती, आणि माझ्या तळाशी दणके बसत होते. बद्रीनाथ कागद धरून तसाच उभा.

"अहो," ती शेवटी म्हणाली. मान वर केली नाही. "माय मला घाटावरनं हाक मारायची, गोदेऽऽ म्हणून. पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जायची. माय गेली. आण्णा गेले. भाऊ हाक मारतो ती ताई म्हणून. आता या नावानं मला बोलावणारं जगात कुणी राह्यलं नाय. फक्त त्या पासपोर्टावर तेवढं राह्यलंय." तिनं कणकेचा गोळा उलटा केला. "तिथनं तरी पुसू नका."

"मी पुसतोय का? आपल्या सोयीसाठी..."

"तुमच्यासोबत मी प्रणिता होऊन सगळं केलं. आनंदानं केलं. पण तिकडं परक्या मुलखात कुणी विचारलं, बाई तू कोण, तर मला माझं नाव सांगायचंय. नाय जमलं तर तुम्ही तिघं जा. मी इथं आत्याबाईंपाशी, तुमच्या आईपाशी राहीन. पण सही करणार नाय."

बद्रीनाथचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नाही, मित्रांनो. त्याला एवढंच कळेना, की होडीसाठी हरखलेली ही बाई होडी सोडायला तयार आहे आणि नाव सोडायला तयार नाही.

"आई, तू तरी सांग हिला," तो चतुराबाईंकडं वळला. "नाव काय, बदलतंच. तुझंबी बदललंच की."

चतुराबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. मांडीवर ताटली, ताटलीत तांदूळ, खडे वेचायचं चाललं होतं. त्या वर न बघता म्हणाल्या, "मला साळू म्हनायचे."

"काय?"

"साळू. आमच्या बापानं ठेवलेलं. भाताच्या साळी कापायच्या हंगामात झाले म्हनून साळू."

"आई, हे कधीचं?" बद्रीनाथचा आवाज चिरकला. पन्नाशीच्या माणसाचा आवाज, पण शाळेतून घरी आल्यावर दाराला कुलूप दिसलेल्या पोरासारखा.

"तू व्हायच्या लई आधीचं," चतुराबाई म्हणाल्या. "तू काय मला लेकरू असल्यापासनं वळखतोस का?"

शर्वरीनं तोंडावर हात धरला. हसू आलं म्हणून की रडू आलं म्हणून, मला सांगता येणार नाही. चतुराबाईंनी एक खडा काढून बाजूला टाकला आणि जात्यावर बसल्यासारखं हलकंसं डोलत, स्वतःशीच म्हटलं:

दळीते मी दळण, पीठ पडतं भुईवर
माझ्या नावाची हाक बाई राहिली नदीवर

मग एकदम थांबून म्हणाल्या, "बद्री, तो कागद चुलीत घाल."

"आज्जी, आपल्याकडं गॅस आहे," ओजस म्हणाला. त्याच्या जिभेला हाड नाही.

"मग गॅसवर घाल, मुडद्या. आन तुझ्या आयेला इमानात बशीव."

कागदाची घडी झाली आणि खिशात गेली. शर्वरीनं तिथंच बसून शोधायला घेतलं. त्यांच्या विमानात आता जागा नव्हती. सुट्टीची गर्दी. त्याच दिवशी मुंबईहून आणखी एक विमान होतं, पण ते त्यांच्या कितीतरी आधी निघणारं. म्हणजे तिला एकटीनं जायचं, एकटीनं उतरायचं आणि परक्या देशात बाकीच्यांची वाट बघत बसायचं.

"शक्यच नाय," बद्रीनाथ म्हणाला. "ती कधी एकटी शेजारच्या कन्नडला गेली नाय."

"पप्पा, मग तुम्ही जा त्या विमानानं," ओजस म्हणाला. "पण तुम्ही पैठण गेटला स्कूटर कुठं लावली ते विसरता. आम्ही तुम्हाला बँकॉकमध्ये कुठं शोधायचं?"

"मी जाईन," गोदावरी म्हणाली. हो, आता मीही तिला त्याच नावानं सांगते. "माहिती द्या मला नीट. मी जाईन."

मग या घरात शाळा भरली. शर्वरी तिला मॉलमध्ये नेऊन सरकत्या जिन्यावर चढवून आणायची. पहिल्या दिवशी गोदावरी जिन्याच्या तोंडाशी अर्धा तास उभी राहिली आणि मागं लोकांची रांग लागली, असं शर्वरी सांगायची. चौथ्या खेपेला मात्र ती चढली, आणि वर पोचून खाली उभ्या लेकीला हात केला. घरी आल्या आल्या हॉलचं विमानतळ व्हायचं. आणि तिथं मला दुसरा धक्का बसला.

"हा ट्रे," असं म्हणून शर्वरीनं मला जमिनीवर ठेवलं. "मम्मी, बांगड्या यात. फोन यात. चपला यात."

चपला! माझ्यात! ज्या पोटात पुरण शिजल्यावर विसावायचं, देवाचा प्रसाद कालवायचा, त्यात सँडल! चतुराबाई तर उठून उभ्याच राहिल्या. "अगं टवळे, परात हाय ती!"

"आज्जी, चिंच लावून घासून देते. पण हिला सवय व्हायला पाहिजे. तिथं गडबडली तर?"

चतुराबाईंनी विचार केला, आणि खाली बसल्या. सँडलच्या टाचा माझ्या काठाला लागत होत्या, पण खरं सांगते, त्या पायांना कुठं जायचंय हे कळल्यावर मला त्यांचा राग येईना.

ओजस पप्पांची टोपी घालून सोफ्यामागं उभा. तो अधिकारी. "नेक्स्ट! नाव?"

"गोदावरी," ती म्हणाली. इतकं हळू, की मलाच ऐकू आलं.

"ऐकू नाही आलं मॅडम. नाव?"

"गोदावरी."

"मोठ्यानं मॅडम! मागं लाइन आहे!"

"गोदावरी!" ती ओरडली, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली. हॉलच्या चारी भिंतींनी ते नाव परत केलं. दारात बद्रीनाथ उभा होता, भाजीची पिशवी हातात. तो कधी आला ते कुणालाच कळलं नव्हतं. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि सोफ्यामागं जाऊन पोराच्या डोक्यावरची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली.

"नाव?" त्यानं विचारलं.

"गोदावरी."

तो बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला. लग्नाच्या दिवशी बघायला हवं होतं, तसं. मग म्हणाला, "जा, गोदावरी." आणि टोपी ओजसला परत दिली.

सगळे आदल्या दिवशीच मुंबईला गेले, आणि विमानाच्या दिवशी घर एकदम मोठं झालं. चतुराबाई आणि मी, दोघीच. त्यांनी मला पुढ्यात घेतलं, चिंचेचा कोळ लावला आणि घासत बसल्या. हात घासत होते, डोळे फोनवर. ओजसनं त्यांना शिकवून ठेवलं होतं, वाजला की हिरवं दाबायचं. दुपार कलायला लागली तसा फोन वाजला. चतुराबाईंनी चिंचेच्याच बोटानं हिरवं दाबलं.

"हालू? कोन?"

पलीकडं खूप गलका होता. घंटा वाजत होत्या, कुणी अनोळखी भाषेत काही सांगत होतं. मग तो आवाज आला.

"आत्याबाई, मी गोदावरी. पोचले मी. नीट पोचले."

"बोल गोदा," चतुराबाई म्हणाल्या. डोळे मिटले होते त्यांनी. "एकलीच हायेस?"

"हो. हे लोक अजून विमानात बसायचेत. काचेमागं एक साहेब होता, आत्याबाई. पासपोर्ट बघून त्यानं माझं नाव वाचलं, त्याला जमेना. गो-दा-वा-री असं तोडून तोडून वाचलं. आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, येस, येस. मीच."

"मग?"

"मग काय? शिक्का मारला."

"आन तू रडलीस."

"नाय." पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला. "थोडंसं."

"नदी बघितलीस का?"

"अजून नाय. पोरं येऊ द्या, मग होडीत बसते. बरं, ठेवू का? तुमच्या गोळ्या..."

"थांब," चतुराबाई म्हणाल्या. त्यांनी मला मांडीजवळ ओढलं आणि इकडंतिकडं पाहिलं, जसं काही कुणी ऐकेल. "गोदा, मलाबी एकदा हाक मार की."

"अं? आत्याबाई, मी कशी..."

"मार म्हनते ना. हितं कोन हाय ऐकायला? मी आन ही परात."

मित्रांनो, परक्या देशाच्या विमानतळावर, इतक्या लोकांच्या गर्दीत, एका सुनेनं आपल्या सासूला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली. आधी हळू, आणि मग घाटावरनं मारावी तशी लांबवून. "साळूऽऽ!" तिकडं किती माणसं वळून बघायला लागली असतील, देव जाणे. चतुराबाईंनी फोन छातीशी धरला आणि म्हणाल्या, "ओ."

एवढंच. "ओ."

आता माझं वय झालं, मित्रांनो. काठ झिजलाय, बूड जरा वाकडं झालंय. माझी काळजी घ्या, असं सांगायचं मनात होतं खरं, पण माझं भागतं. चिंच आणि मीठ लावलं की मी पहिल्यासारखी उजळते. माणसाच्या नावाला चिंच चालत नाही, त्याला हाकच लागते. तेव्हा घरी गेलात की तुमच्या आईला, आज्जीला, शेजारच्या काकूला जवळ बसून विचारा, तुम्ही या घरात कुठलं नाव घेऊन आला होतात. आणि उत्तर यायला वेळ लागला तर उठून जाऊ नका. ते नाव खूप लांबून यायचं असतं.